दुर्गम डोंगरातला धबधबा: आधी परतीचा ओढा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चौघं आहात, डोंगरात चालायची सवय आहे, पण मळलेली वाट नसलेल्या भागात पहिल्यांदाच चालला आहात. नकाशावर एक मोठा धबधबा दिसतोय. तिथे पोचायला एक मुक्काम पडेल आणि धबधब्याकडून येणारा ओढा वाटेत ओलांडावा लागेल. पायथा बघायचाच आहे, जमलं तर माथाही. कधी जावं, ओढा कसा पार करावा, डोहात उतरावं का, वाट चुकली तर पाण्याच्या कडेकडेने खाली यावं का, सामान काय न्यावं, असं तुम्ही विचारलंय. चौघांपैकी एकाला पोहता येत नाही, हेही लिहिलंय. सामानाचं शेवटी सांगतो, कारण बेत चुकला तर चांगले बूट काही वाचवत नाहीत.

पहिली गोष्ट: बेत धबधब्यावरून आखू नका, परतीच्या ओढ्यावरून आखा. धबधबा जिथे आहे तिथेच राहणार आहे. त्याचं पाणी वाहून नेणारा ओढा मात्र तासागणिक बदलतो, आणि तो तुम्हाला दोनदा ओलांडायचाय. जाताना सगळे ताजेतवाने असतात, पाणी कमी असतं, उत्साह असतो. येताना पाय थकलेले, कपडे ओले, उजेड उतरलेला, आणि नेमकं पाणी वाढलेलं. माझ्या पाहण्यात जे बेत फसले, ते बहुतेक या दुसऱ्या वेळच्या ओढ्यापाशी फसले. धबधब्यापाशी फार थोडे.

हे पाणी बर्फ वितळून येत असेल तर त्याला रोजचं वेळापत्रक असतं. दिवसभर ऊन लागतं, बर्फ वितळतो, पाणी खाली यायला काही तास घेतं. म्हणून ओढा दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंत सगळ्यात भरलेला असतो आणि पहाटे सगळ्यात उतरलेला. बर्फ लांब असेल, पाणलोट (ज्या भागाचं पाणी ओढ्यात उतरतं तो) मोठा असेल तर हा चढ आणखी उशिरा, अगदी रात्रीसुद्धा येतो. याचा सरळ परिणाम मुक्कामाच्या जागेवर होतो. ओढ्यापासून धबधबा तासाभरावर असेल तर अलीकडे मुक्काम करा, उजाडताच ओढा ओलांडा आणि ऊन चढायच्या आत परत या. तो तीन-चार तासांवर असेल तर हे गणित बसत नाही. मग मुक्काम पलीकडे, धबधब्याच्या बाजूला करा, दिवसभर निवांत धबधबा बघा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचा ओढा ओलांडा. यात एक रात्र वाढते आणि सॅकमध्ये एका जास्तीच्या दिवसाचं खाणं वाढतं. ते वजन मी न कुरकुरता उचलतो. ते खाणं जवळ असलं की संध्याकाळच्या चढलेल्या पाण्यात उतरायची वेळच येत नाही.

पावसाच्या ओढ्याला असं घड्याळ नसतं. तिथे पाणलोट कसा आहे ते बघावं लागतं. लहान, उभा, उघड्या कातळाचा पाणलोट असेल तर जोरदार सर आली की तासाभराच्या आतसुद्धा पाणी चढतं. पण ते उतरतंही लवकर, अनेकदा काही तासांत. मोठा, दाट जंगलाचा, खोल मातीचा पाणलोट पाणी धरून ठेवतो, हळू चढतो आणि हळू उतरतो. जमीन आधीच भिजून गच्च झालेली असेल तर हा फरक पुसला जातो. शिवाय पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. तुमच्याकडे ऊन असताना वर शिखराकडे ढग फुटला तरी पाणी तुमच्यापर्यंत येतंच. म्हणून लहान पाणलोटात अडकलात तर सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे काठावर बसून राहणं. अंधार पडायच्या आत पोचायचंय म्हणून चढत्या पाण्यात उतरणाऱ्यांना सकाळी तोच ओढा घोट्याएवढा दिसला असता.

पाणी चढतंय की उतरतंय हे ओळखायला काठावरचा कातळ नीट बघा. पाण्याच्या वर चार बोटं ओलसर, काळपट पट्टा असेल आणि त्याच्याही वर कातळ कोरडा असेल, तर पाणी नुकतंच खाली गेलंय. पाणी थेट कोरड्या दगडाला भिडलं असेल आणि काठचं गवत आडवं होऊन पाण्यात बुडालं असेल, तर ते वर येतंय. तरीही शंका असेल तर पाण्याच्या बरोबर कडेला एक चपटा दगड ठेवा, पंधरा-वीस मिनिटं तिथेच काही खाऊन घ्या आणि परत बघा. दगड बुडाला असेल तर तुमचं उत्तर मिळालं. पाण्याचा रंग स्वच्छवरून गढूळकडे जाणं, पानं-काटक्या वाहत येणं, आवाज घोगरा आणि जड होणं या सगळ्या खुणा पाणी वाढण्याच्या. त्याहून वाईट खूण म्हणजे पाऊस चालू असताना पाणी अचानक कमी होणं. वर कुठेतरी दरड किंवा ओंडके पडून पाणी अडलंय, आणि तो बांध फुटला की सगळं एकदम येणार, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी पात्र सोडून काठाच्या उतारावर वर चढायचं, ओढ्याच्या दिशेने खाली पळायचं नाही.

आता हंगाम. धबधबा सगळ्यात भरलेला असताना वाट सगळ्यात वाईट असते, हे जवळजवळ सगळीकडे खरं आहे. कॅलिफोर्नियातला योसेमिटी धबधबा ७३९ मीटरचा. वसंतात बर्फ वितळताना तो गर्जत असतो आणि ऑगस्ट संपता संपता कित्येकदा कोरडा पडतो. उलट प्रकारही आहे. व्हेनेझुएलातला एंजल धबधबा ९७९ मीटर उंच, त्यात सलग उडी ८०७ मीटरची. पण तिथे पोचायचं ते नदीतून होडीने, त्यामुळे कोरड्या महिन्यांत धबधबाही बारीक होतो आणि नदीही होडी चालेल इतकी राहत नाही. तुमच्यासारख्या पायी बेताला माझी पसंती पाणी ओसरायला लागल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांना. धबधबा तेव्हाही भरपूर असतो, तुषारांचा पडदा थोडा विरळ झाल्यामुळे कडा दिसतो, आणि ओढे आवाक्यात आलेले असतात. आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवाह बघायचाच असेल तर ओढा न ओलांडता समोरच्या डोंगरधारेवरून बघता येईल असा धबधबा निवडा.

नकाशाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे नवखे लोक फार विश्वासाने चालतात. ओढ्याला छेदताना कंटूरच्या, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या, रेषा मागे वळतात आणि त्यांचं टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतं. अशा चार-पाच रेषा ओढ्यावर एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे मोठी उडी आहे. पण उलटं गृहीत धरू नका. रेषांमधलं अंतर २० मीटरचं असेल तर १५ मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. नकाशावर ओढा शांत दिसतो आणि प्रत्यक्षात तुम्ही एका पायरीच्या टोकावर उभे असता. मोठा धबधबा सहसा एकटा नसतो, त्याच्या वर आणि खाली अशा लहान पायऱ्या असतात. जो कठीण खडकाचा थर मुख्य उडी घडवतो, तसेच थर त्याच्या वरखाली असण्याची शक्यता मोठी. म्हणून 'ओढा पकडून वर जाऊ' हा बेत कागदावर जितका सोपा, तितका प्रत्यक्षात फसवा.

तिबेटमधल्या यारलुंग त्सांगपोच्या घळीची गोष्ट मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. हीच नदी पुढे ब्रह्मपुत्रा होते. हिमालयाला वळसा घालताना ती इतकी उंची गमावते की मध्ये प्रचंड धबधबा असणार, असा अंदाज एकोणिसाव्या शतकापासून होता. १८८० च्या दशकात ब्रिटिशांच्या सर्वेक्षणासाठी पाठवलेला किंथुप त्या घळीत जाऊन आला. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी गेले. १९२४ मध्ये वनस्पतींचा शोध घेणाऱ्या फ्रँक किंग्डन-वॉर्डने घळीचा बराचसा भाग पायी पाहिला, पण काही मैलांचा तुकडा राहूनच गेला. त्या तुकड्यातला सुमारे ३३ मीटरचा धबधबा बाहेरच्या लोकांनी प्रत्यक्ष जाऊन मोजला तो थेट १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये. तिथल्या शिकाऱ्यांना तो आधीपासून माहीत होता. एवढी जाणती माणसं इतक्या जवळ जाऊन मागे फिरली याचं कारण असं की अशा घळीत पाण्याच्या कडेने वाट नसतेच. भिंती सरळ पाण्यात उतरतात. प्रत्येक वेळी सोंडेवर (डोंगरातून बाजूला उतरणाऱ्या धारेवर) चढून, पलीकडे उतरून, पुन्हा पाण्याजवळ यावं लागतं, आणि त्या चढउतारात मधला भाग नजरेआड राहतो. तुमची घळ लहान असेल, पण स्वभाव हाच. म्हणून जाण्यासाठी बाजूची सोंड निवडा, ओढा नाही. आणि त्या भागात राहणारं, गुरं चारणारं किंवा जंगलात फिरणारं कोणी भेटलं, तर त्याच्याशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वेळेचा अंदाज बांधायला १८९२ सालचा नेस्मिथचा नियम अजून वापरतात: सपाटीला तासाला ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. तो नियम चांगल्या वाटेसाठी, तंदुरुस्त माणसांसाठी आहे. वाट नसलेल्या झुडपात, मोठ्या दगडगोट्यांच्या पात्रात तासाला एक किलोमीटर झाला तरी तुम्ही चांगलं चाललात असं समजा. मी निघण्याआधी मागे फिरायची वेळ ठरवतो आणि ती सगळ्यांना सांगतो. धबधब्याचा आवाज ऐकू येत असताना मागे फिरणं कठीण जातं, म्हणूनच ती वेळ आधी ठरलेली हवी. आवाज अंतराबद्दल काहीच खरं सांगत नाही. घळीत तो भिंतींवर आपटून येतो आणि तासाभराची वाट पाच मिनिटांची वाटते. जीपीएसही खोल घळीत डगमगतो. आकाशाची चिंचोळी पट्टीच मोकळी असते आणि उपग्रहांचे संदेश कातळावरून परावर्तित होऊन येतात, त्यामुळे तुमची खूण समोरच्या कड्यावर दिसू शकते. तिथे कागदी नकाशा आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक जास्त कामाचा. ओढ्याची रेषा आणि उंची माहीत असली की तुम्ही कुठे आहात ते नक्की होतं. उंचीमापक मात्र सकाळी माहीत असलेल्या उंचीवर जुळवून घ्या, कारण हवा बदलली की तोही सरकतो.

'चुकलो तर पाण्याच्या कडेने खाली उतरावं' हा सल्ला तुम्ही ऐकला आहे. सपाट प्रदेशात तो कधी चालतही असेल. धबधब्यांच्या डोंगरात तो जीवघेणा आहे. इथे पाणी तुम्हाला वस्तीकडे नेण्याआधी कड्याच्या टोकावर नेतं. एक पायरी घसरत, झाडाच्या मुळाला धरून उतरता, पुढे दुसरी तीन मजली उंच असते, आणि मागची आता चढता येत नाही. माणसं अशीच दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकतात. जिथून परत वर चढता येणार नाही तिथे उतरायचं नाही आणि ज्या उताराचा तळ दिसत नाही त्यावरून खाली जायचं नाही, हे दोन्ही मी कधीच मोडत नाही. फुगीर उतार विशेष फसवे असतात. वरून गवत हळूहळू खाली गेल्यासारखं दिसतं आणि मध्येच कडा सुटतो, जो वरून दिसतच नाही. चुकलात तर ज्या ठिकाणाची खात्री होती तिथपर्यंत आल्या पावली परत वर जा. ते जमत नसेल तर थांबा, ऊब धरा आणि आहात तिथेच राहा.

आता ओढा ओलांडणं. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये नद्यांत बुडून इतकी माणसं गेली की अशा मृत्यूला 'न्यूझीलंडचं मरण' म्हणत. तिथल्या डोंगरी लोकांनी नद्या ओलांडण्याची जी रीत बसवली, ती मी सगळ्यात जास्त मानतो. पण रीत नंतर, आधी जागा. पात्र जिथे सगळ्यात रुंद आहे किंवा अनेक धारांत फुटलंय तिथे पाणी उथळ असतं. अरुंद जागा मोहात पाडते, पण तिथे ते खोल आणि वेगवान असतं. वळणाची बाहेरची बाजू टाळा. आणि जागेच्या खाली काय आहे ते चालत जाऊन बघा. पाय सुटला तर कुठे जाऊ, याचं उत्तर 'उथळ वाळूवर' असेल तर ठीक. खाली उडी असेल, अडकलेले ओंडके असतील, दोन दगडांमधली चिंचोळी फट असेल, तर पाणी घोट्याएवढं असलं तरी ती जागा नाही. धबधब्याच्या माथ्याच्या जवळपास तर ओढा ओलांडायचाच नाही.

पाण्यात एक काटकी टाका आणि तिच्या बरोबरीने काठावरून चाला. तुमच्या नेहमीच्या चालीपेक्षा ती जोरात जात असेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर मी उतरत नाही. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, म्हणून सकाळच्या आणि संध्याकाळच्या ओढ्यात जे अंतर डोळ्यांना थोडं वाटतं ते पायांना फार मोठं असतं. कान देऊन ऐका. पाण्याच्या आवाजाखाली गडगड, ठकठक असा जड आवाज येत असेल तर तळाशी मोठे दगड घरंगळताहेत. तेव्हा विषय संपला, त्या दिवशी ओढा बंद.

उतरायचं ठरलं तर बूट पायातच ठेवा, अनवाणी पाय दगडांत ठेचकाळतो आणि मग तोल जातो. सैल लांब पँट पाणी पकडते, ती काढा किंवा घट्ट गुंडाळा. एकट्याने जाताना तोंड प्रवाहाकडे, भक्कम काठी समोर वरच्या बाजूला रोवलेली, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची: काठी किंवा एक पाय. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळाशी सरकवत न्यायचं. दगडावरून दगडावर उड्या मारणं बंद. चौघं असाल तर न्यूझीलंडची रीत वापरा: सगळे खांद्याला खांदा लावून एका ओळीत, प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या पाठीमागून, त्याची सॅक आणि पाठ यांच्या मधून गेलेला आणि पट्टा घट्ट धरलेला. ओळ प्रवाहाला समांतर, सगळ्यात दणकट माणूस वरच्या टोकाला, सगळे एकदम समोरच्या काठाकडे थोडं खालच्या अंगाने चालतात. वरच्या माणसाने फोडलेल्या पाण्याच्या आडोशाने बाकीचे जातात. ही रीत आधी कोरड्या जमिनीवर, मग घोटाभर पाण्यात करून बघा. सॅकच्या पट्ट्यांचं एकट्याने आणि ओळीने जाताना वेगवेगळं असतं. एकटं जाताना कमरेचा आणि छातीचा दोन्ही सोडून ठेवावेत, म्हणजे सॅक अडकली तर टाकून देता येते. ओळीने जाताना कमरेचा लावलेला ठेवतात, कारण सॅक तरंगते आणि तीच सगळ्यांची पकड असते. छातीचा मात्र दोन्ही वेळा सुटा.

स्वतःला दोराने बांधून ओढा ओलांडू नका. हे मी फार आग्रहाने सांगतोय, कारण दोर बांधला की सुरक्षित वाटतं. पाय सुटला तर दोर ताणला जातो, प्रवाह वरून दाबतो आणि माणूस पाण्याखालीच धरला जातो.

वाहून गेलातच तर पाठीवर तरंगा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. खोल वेगवान पाण्यात उभं राहायची धडपड करू नका. पाय दोन दगडांत अडकला तर प्रवाह तुम्हाला पुढे वाकवून बुडवतो. हात तळाला लागतील इतकं उथळ आलं की मगच उठा. समोर ओंडके आले तर त्यांच्याखाली जाण्याआधी पोटावर वळून जोरात पोहत त्यांच्यावर चढा. आणि खाली उडी असल्याचं माहीत असेल तर तरंगत बसू नका, तिरक्या दिशेने काठाकडे असेल नसेल ती ताकद लावा.

पायथ्याशी पोचल्यावर सॅक टाकून सरळ पाण्याखाली पळू नका. पाण्याबरोबर दगड येतात, वसंतात बर्फाचे तुकडेही, आणि आवाजात ते येताना ऐकू येत नाहीत. जमिनीकडे बघा: ताजे, धारदार, शेवाळ नसलेले दगड जिथे पसरलेत तिथपर्यंत वरून मारा होतो. डोहाबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे. पांढऱ्या फेसात उतरू नका. त्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते तुम्हाला नेहमीसारखं तरंगवत नाही, आणि पडणारं पाणी तळाशी जाऊन परत कड्याकडे फिरतं, त्या फेऱ्यात माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. उतरायचंच असेल तर डोहाच्या शेपटाकडे, जिथे पाणी शांत, तळ दिसणारा आणि पुढे लगेच उडी नसलेली जागा आहे तिथे, आणि हळूहळू. उडी तर नकोच. थंड पाण्यासाठी एक-दहा-एक हा ठोकताळा लक्षात ठेवा: पहिलं एक मिनिट श्वास आपोआप धापा टाकत येतो, तो सांभाळायचा. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. बुडणारे बहुतेक पहिल्या दोन टप्प्यांतच बुडतात, गारठून नाही.

तुषारांच्या पट्ट्यातला कातळ वेगळा वागतो. तिथलं काळपट, चकचकीत शेवाळ कुठल्याही रबराला दाद देत नाही. फिकट, खरखरीत, खडबडीत दिसणाऱ्या जागी पाय द्या. हिरव्यागार मखमली भागावरून चालू नका. एकतर घसराल, आणि दुसरं म्हणजे कायम भिजलेल्या त्या कातळावर जी नाजूक झाडं वाढतात ती त्या पट्ट्याबाहेर जगत नाहीत. एकदा सोलवटली की ती भरून यायला फार काळ लागतो.

माथा बघायची हौस मी समजू शकतो. पण माथ्यावरचं पाणी सगळ्यात निरागस दिसतं: उथळ, संथ, काचेसारखं, गुळगुळीत कातळावरून सरकणारं. तो कातळ पाण्यानेच घासून गुळगुळीत केलाय. २०११ च्या जुलैमध्ये योसेमिटीतल्या ९७ मीटरच्या व्हर्नल धबधब्याच्या माथ्यावर कठडा ओलांडून गेलेले तिघं वाहून गेले. त्या वर्षी बर्फ भरपूर होता आणि जुलैतही पाणी जोरात होतं. काठ कोरडा असला तरी त्याच्यावर भरवसा नको. पुष्कळ धबधबे वर कठीण आणि खाली मऊ खडक असल्यामुळे घडतात. खालचा थर झिजतो, वरचा छज्जा पोकळीवर लोंबकळत राहतो आणि एक दिवस तुटतो. नायगाऱ्याच्या काठावर टेबल रॉक नावाची अशीच प्रसिद्ध फळी होती. १८५० मध्ये तिचा मोठा भाग कोसळला. वर उभं असताना खालची पोकळी दिसत नाही, म्हणून पायथ्यावरून आधी माथ्याचा फोटो काढा आणि कुठला भाग बाहेर आलाय ते बघून ठेवा. वर गेल्यावर टोकापासून लांब, बाजूच्या उंचवट्यावरून बघा, आणि बाटली भरायला टोकाच्या वरच्या पाण्यात कोणी उतरायचं नाही.

जवळ गेल्यावर एकमेकांचं ऐकू येत नाही हे विसरू नका. थांबा, परत फिरा, इकडे या, ठीक आहे: एवढ्या चार हाताच्या खुणा आधी ठरवा. शिट्टी लांबून मदत मागायला. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन.

बघायची वेळ निवडता येत असेल तर सूर्य पाठीशी आणि तुषार समोर असा योग साधा. इंद्रधनुष्याचं वर्तुळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर असतं, त्यामुळे सूर्य जितका खाली तितकी कमान मोठी. पूर्वेकडे तोंड असलेला धबधबा सकाळी, पश्चिमेचा संध्याकाळी. बर्फाच्या ओढ्यापलीकडचा पश्चिममुखी धबधबा असेल तर आधी सांगितलेला पलीकडचा मुक्काम याही कारणाने फायद्याचा.

सामानात फार नवलाई नाही. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तो फक्त मुक्कामी घालायचा. सुती कपडे घरी. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी. उपग्रहाने मदत मागणारं यंत्र नेत असाल तर उत्तम, पण त्याला मोकळं आकाश लागतं. घळीच्या तळातून संदेश जायला वेळ लागू शकतो, शक्य असेल तर सोंडेवर चढून वापरा. पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळा किंवा गाळा. खळखळ उकळी एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. गढूळ पाणी आधी भांड्यात निवळू द्या, नाहीतर फिल्टर चोंदतो. रात्री गोठण्याइतकी थंडी असेल तर फिल्टर झोपताना जवळ घ्या, आत गोठलेला फिल्टर निकामी होतो आणि बाहेरून ते कळत नाही. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब. दुसऱ्या खोऱ्यातून येत असाल तर बुटांचा चिखल धुऊन ते पूर्ण वाळवून मगच या ओढ्यात उतरा. डिडिमो हे शेवाळ नद्यानद्यांतून असंच पसरलं, आणि नमद्याच्या तळव्याचे बूट ओल धरून ठेवतात म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये नद्यांत त्यांच्यावर बंदी घातली. वीस-तीस मीटरचा हलका दोर सॅक उतरवायला नेऊ शकता. माणसं उतरवायला नेणार असाल तर ज्याला ते काम येतं असा माणूस सोबत हवा.

राहिला पोहता न येणारा मित्र. थंड, वेगवान, दगडांच्या पाण्यात चांगल्या पोहणाऱ्यालाही पोहण्याचा उपयोग थोडाच होतो, त्यामुळे फक्त त्या कारणासाठी त्याला मागे ठेवायची गरज मला वाटत नाही. पण ओढ्याची मर्यादा त्याच्यावरून ठरवा. बाकी तिघांच्या मते जाता येईल असं पाणी असलं आणि तो काठावर उभा राहून नको म्हणाला, तर त्याच्याकडून कारण न मागता चौघांनीही तिथेच थांबायचं, हे घरून निघण्याआधी एकमेकांना सांगून ठेवा. ओळीने ओलांडताना त्याला वरून दुसरा उभा करा, म्हणजे पहिल्याने फोडलेलं पाणी त्याला मिळेल आणि दोन्ही बाजूंनी त्याला धरलेलं असेल.